समासातलं हिरवं पेन

रोवेना कुचेराला एक खोड होती, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशातलीच ती होती. वाईट वाक्य समोर आलं की तिचे हात शिवशिवायचे. चर्चचं पत्रक असो, दवाखान्यातली सूचना असो, कुठे काही वाकडंतिकडं लिहिलेलं दिसलं की ही पेन काढणार. आजोबा गेले तेव्हा त्यांच्याबद्दल गावच्या पेपरात चार ओळी छापून आल्या. घर रडत होतं आणि ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या चार ओळी सुधारत होती. आई म्हणाली, "रो, निदान आजोबांना तरी सोड." रोनं पेन खाली ठेवलं, पण मनातल्या मनात शेवटची ओळ तिनं सुधारलीच.

अशा बाईला कुठलं काम देऊ नये? निबंध तपासायचं. आणि विद्यापीठानं तिला नेमकं तेच दिलं होतं.

नेब्रास्कातल्या त्या विद्यापीठात ती तीन वर्षं टीए होती. टीए म्हणजे स्वतःची डॉक्टरेट करायची आणि त्या बदल्यात पहिल्या वर्षाला आलेल्यांना लिहायला शिकवायचं. दोन वर्ग, चव्वेचाळीस डोकी, दर आठवड्याला चव्वेचाळीस निबंध. विद्यापीठ फी माफ करतं, वर पोटापुरता पगार देतं. विद्यार्थी तुम्हाला शिक्षक समजतात, प्राध्यापक तुम्हाला विद्यार्थी समजतात, आणि तुम्हाला तर स्वतःला काही समजायला वेळच नसतो. रोचा पाय कधी एका जागी ठरायचा नाही. जेवताना निबंध, लाँड्रीत कपडे फिरत असताना निबंध, रांगेत उभी असताना निबंध. दोन मिनिटं नुसतं बसायला सांगितलं असतं तर तिला शिक्षा वाटली असती.

या लेखनविभागाची प्रमुख मार्गो एलिंगसन. साठीची बाई, पांढरे केस बारीक कापलेले, बैठकीत कायम विणकाम घेऊन बसणारी. तिचा एकच नियम होता आणि दर ऑगस्टला नव्या टीएंना ती तो तीन-तीनदा सांगायची. "समासात फक्त प्रश्न. त्यांच्या कागदावर त्यांचीच वाक्यं राहतील. आपण विचारायचं, लिहायचं नाही." लाल पेनालाही बंदी होती, कारण लाल रंगानं म्हणे पोरं बिचकतात. म्हणून रोनं हिरवं घेतलं. त्या हिरव्या पेनानं ती समासात लिहायची, "असं म्हटलं तर?" आणि त्याच्यापुढे अख्खं वाक्य, नीट घडी घातलेलं, इस्त्री केलेलं. शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की झाला प्रश्न, अशी तिची सोयीची समजूत.

मागच्या हिवाळ्याआधी ते अंगाशी आलं होतं. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या दोन मुलींच्या निबंधांत एकाच धाटणीची वाक्यं निघाली आणि मार्गोनं ती धाटणी ओळखली. तिनं रोला बोलावलं, सुया खाली ठेवल्या (ती सुया खाली ठेवते तेव्हा सगळे टरकतात), आणि म्हणाली, "रो, हे तू प्रेमानं करतेस हे मला कळतं. पण तू त्यांच्या तोंडातला घास काढून स्वतः चावतेस. पुन्हा झालं तर वर्ग काढून घेईन." तसं पत्रही फायलीत लागलं. वर्ग गेले की फीमाफी गेली, आणि फीमाफी गेली की डॉक्टरेट अर्धवट टाकून बाबांच्या बियाण्याच्या दुकानात मक्याची पोती मोजत बसायचं. बाबा काही बोलले नसते. बोलले नसते हेच रोला नको होतं.

तिनं खरंच मनावर घेतलं. जानेवारी कसाबसा निभावला. मग आला वेंडल ओस्टरहाउट.

वेंडल एक्कावन्न वर्षांचा. गावाच्या पश्चिमेला मालगाड्यांचं जे मोठं यार्ड आहे तिथे त्यानं सव्वीस वर्षं डबे जोडायचं-तोडायचं काम केलं. खांदा निकामी झाला, त्यात कंपनीनं माणसं कमी केली, आणि गडी अठरा वर्षांच्या पोरांत पहिल्या बाकावर येऊन बसला. त्याला इस्पितळात एक्स-रे काढणारा व्हायचं होतं. तिथल्या शाळेत जागा थोड्या. त्यांची अट अशी की विद्यापीठाचा हा लेखनाचा विषय मेअखेर पास हवा, आणि नावावर कसलाही डाग नको. तो रोला "मिस कुचेरा" म्हणायचा, जरी ती त्याच्या मुलीच्या वयाची होती. ती त्याला "मिस्टर ओस्टरहाउट" म्हणायची. बाकीचा वर्ग दोघांना हसायचा.

पहिल्या निबंधावर रोनं घाबरत घाबरत दोनच वाक्यं हिरव्या शाईत सुचवली. दुसऱ्या खर्ड्यात दोन्ही जशीच्या तशी आली, स्वल्पविरामासकट. रोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाकी पोरं समासात काय लिहिलंय ते वाचतही नाहीत; हा माणूस ऐकतो. मग काय, तिचा हात सुटला. मार्चमध्ये तर लाँड्रीत बसून तिनं त्याच्या यार्डवरच्या निबंधाचा समास वरपासून खालपर्यंत हिरवा केला. आपण नेमकं काय लिहिलं, किती लिहिलं, हे तिला दुसऱ्या दिवशीही सांगता आलं नसतं.

सत्राच्या शेवटी या विभागात एक रिवाज आहे. प्रत्येकाचे तीन निबंध एका फायलीत घालायचे, नाव झाकायचं, वर नंबर टाकायचा, आणि ती फाइल भलत्याच टीएकडे तपासायला जाते. आपल्या पोराला आपणच पास करायचं नाही. मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चौदा टीए वरच्या मोठ्या खोलीत बसतात. सकाळी आधी सगळे मिळून एकच निबंध वाचतात आणि भांडतात, म्हणजे सगळ्यांचं माप सारखं होतं. मग दिवसभर फायली. दुपारी मार्गोनं घरून आणलेल्या भांड्यात गरम चिली, आणि सोबत दालचिनीचे रोल.

"राजम्याच्या तिखट रश्श्यात गोड रोल बुडवून खाणारी माणसं, आणि ही दुसऱ्यांना चव शिकवणार," गॅरिक टॉलिव्हर म्हणाला. गॅरिक रोच्याच टेबलाला होता. मॅसॅच्युसेट्सचा, हुशार, चौथ्या वर्षाचा. इथे चार वर्षं काढूनही दर मे महिन्यात त्याला त्या रोलचा नव्यानं धक्का बसायचा.

"तू नको खाऊ. तुझा मला दे," रो म्हणाली. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"रो, पाय. कॉफी सांडतेय माझी."

तिनं पाय दाबून धरला. गॅरिकनं पुढची फाइल ओढली, पाच-दहा मिनिटं वाचली, आणि मग त्याच्या तोंडून बारीक शिट्टी निघाली.

"हे ऐक. तीनशे अठरा नंबर. कोणीतरी रेल्वेवाला आहे, यार्डातली माणसं कशी कमी केली त्याबद्दल लिहितोय. एक पान सगळं ठीक, सरळ, खडबडीत. आणि मध्येच हे." त्यानं वाचून दाखवलं. "'इंजिन थांबलं म्हणजे गाडी थांबली असं नसतं. एकशे दहा डबे असतात आणि ते एकेक करून थांबतात. शेवटच्या डब्याला बातमी सगळ्यात उशिरा कळते.' आता सांग. पहिल्या वर्षाचा कोण असं लिहितो?"

रोनं हातातली फाइल मिटली. आणि खरं सांगायचं तर, भीतीच्या आधी क्षणभर तिला बरं वाटलं. वाक्य सुरेख होतं. लाँड्रीतला तो दिवस तिला आठवला, आणि ती हिरवी शाई. असं वाक्य आपल्याशिवाय कोण लिहिणार?

"लिहिलं असेल एखाद्यानं," ती म्हणाली.

"लिहिलं असेल, पण त्यानं नाही. यंत्राकडून लिहून घेतलंय, नाहीतर कुणाकडून तरी. आणखी आहेत अशी. हे बघ, 'लोखंडाला स्मृती असते.' ही यार्डातल्या माणसाची भाषा?" गॅरिकनं फायलीवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. पिवळी चिठ्ठी म्हणजे फाइल मार्गोकडे, मार्गोकडून चौकशी, आणि चौकशीत काही निघालं तर विषयात नापास, शिवाय नावापुढे कायमची नोंद. एक्स-रेच्या शाळेचं दार बंद.

गॅरिक वाईट माणूस नव्हता. चिठ्ठी लावून तो रोला म्हणाला, "मला आवडत नाही गं हे करायला. पण बाकीची पोरं स्वतः घाम गाळून लिहितात, त्यांचं काय?"

 रोनं आता बोलायला हवं होतं, तिथेच, त्या टेबलाशी. ती तोंडात गुळणी धरून बसली. उठून खिडकीशी गेली, परत आली, पाणी प्यायली, पुन्हा उठली. पुढच्या फायलीची तीन पानं तिनं वाचली आणि त्यातलं अक्षर डोक्यात शिरलं नाही. फाइल मार्गोच्या गठ्ठ्यात गेली. मार्गोनं चष्मा वर करून पिवळी चिठ्ठी वाचली, नंबराखालचं नाव उघडून बघितलं, आणि रोकडे बघितलं. "रो, हा तुझ्या वर्गातला. उद्या सकाळी दहाला त्याला खर्डे घेऊन बोलावते. तूही ये. तुला काही सांगायचंय का त्याच्याबद्दल?"

"चांगला विद्यार्थी आहे," रो म्हणाली. "मेहनती."

झालं. एवढंच बोलली. चांगला, मेहनती. शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शब्द.

त्या संध्याकाळी तिनं किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. तळ्याला वळसा घातला, दुकानात जाऊन काही न घेता बाहेर आली, आईला फोन लावला आणि आईनं "काय गं, आवाज असा का?" विचारताच "काही नाही, काम आहे" म्हणून ठेवून दिला. मनाशी तिनं हजार हिशेब मांडले. खर्डे तर वेंडलकडे आहेत, त्यांवर आपली शाई आहे. तो ते उद्या आणणार, मार्गो बघणार, संपलं. म्हणजे आपण सांगितलं काय, न सांगितलं काय, कळणारच. मग आधीच सांगून टाकलेलं बरं. पण समजा, त्यानं ते टाकून दिले असतील तर? आणि हे "तर" मनात आल्यावर आपल्याला जरा हायसं वाटलं हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. पण सांगायचं की नाही ते तिनं तरीही ठरवलं नाहीच.

बुधवारी पावणेदहाला ती गेली तेव्हा वेंडल मार्गोच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, टाय, मांडीवर टोपी. हात रिकामे.

"मिस्टर ओस्टरहाउट, खर्डे?"

"हरवले," तो म्हणाला.

"हरवले?"

"असं सांगणार आहे मी आत." तो हळू आवाजात बोलत होता. "मॅडमच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, कुणी दुसऱ्यानं लिहून दिलंय का. आता दुसरं कोण? तुम्हीच की. तुम्ही पहिल्या दिवशी वर्गात म्हणाला होतात, मला फक्त प्रश्न विचारायची परवानगी आहे, नाहीतर माझी हकालपट्टी. आम्ही सगळे हसलो होतो. मला आठवतं ते."

"तुम्ही मग ती वाक्यं घेतलीत कशाला?" रोला रडू येत होतं म्हणून ती जरा रागावूनच बोलली. "तिथे प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे पटलं तर घ्या, नाहीतर सोडा, असं असतं ते. सगळी पोरं सोडतात."

वेंडलनं तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "मला काय ठाऊक? यार्डात वरून लेखी हुकूम आला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, शब्दाला शब्द. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस मरतो. सव्वीस वर्षं तेच केलं. तुम्ही समासात लिहून दिलंत, मी उतरवून घेतलं. प्रश्नचिन्ह मला वाटलं तुमची सवय आहे, सही करतात तशी."

रोला हसूही आलं आणि लाजेनं कानही तापले. तीन वर्षं तिनं ते प्रश्नचिन्ह ढाल म्हणून वापरलं होतं, आणि या माणसानं ते बघितलंही नव्हतं.

"तुम्ही आत काहीच बोलू नका," वेंडल म्हणाला. "गँगमधल्या माणसाचं नाव सांगायचं नसतं. मला दुसरं काहीतरी मिळेल. गोदामात चौकीदार घेतात."

"तुम्हाला चौकीदार व्हायचंय?"

"नाही," तो म्हणाला. "माझी बायको सगळ्यांना सांगत सुटलीय की मी इस्पितळात लागणार. पण होईल काहीतरी."

दहा वाजून दहा मिनिटांनी मार्गोनं दार उघडलं. दोघं आत गेली. टेबलावर तीनशे अठरा नंबरची फाइल, तिच्यावर पिवळी चिठ्ठी; मार्गोच्या हातात विणकाम. मार्गोनं सुया खाली ठेवल्या. "मिस्टर ओस्टरहाउट, बसा. घाबरायचं काही नाही. मला फक्त हा निबंध कसा तयार झाला ते बघायचंय. खर्डे आणलेत?"

"मॅडम, ते हर—"

"मार्गो, ती वाक्यं—" रो मध्येच बोलली, आणि तेवढ्यात गावचा भोंगा सुरू झाला.

महिन्याचा पहिला बुधवार, सव्वादहा. वादळाचा इशारा देणारे सगळे भोंगे त्या वेळी वाजवून बघतात. कोणी मान वर करत नाही, बोलणं तेवढं थांबवतात, कारण ऐकूच येत नाही. तिघं एकमेकांकडे बघत बसली. दोन मिनिटं पुरती. रोच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दोन मिनिटं. वाक्य अर्धं बोलून झालं होतं आणि ते वेगळ्या रीतीनं पुरं करायला अजून वाव होता. 'ती वाक्यं मला संशयास्पद वाटत नाहीत,' असंही म्हणता आलं असतं. वेंडल तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नको म्हणून. त्याच्या टायची गाठ मुलीनं बांधून दिल्यासारखी घट्ट आणि लहान होती.

भोंगा थांबला.

"ती वाक्यं माझी आहेत," रो म्हणाली. "मी लिहून दिली. त्यांना वाटलं उतरवून घ्यायचीच असतात. तुम्ही मला बजावलं होतंत आणि तरीही मी केलं. काल टेबलावर गॅरिकनं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

 मार्गोनं फाइल रोपुढे सरकवली आणि एक पेन्सिल दिली. "तुझी कुठली, त्यांच्याखाली रेघ मार."

रोनं रेघा मारल्या. 'लोखंडाला स्मृती असते.' रेघ. 'हिशेबनिसांच्या बोटांना काळं लागत नाही.' रेघ. शेवटच्या डब्याचं वाक्य आलं तिथे तिनं रेघ मारली आणि मनाशी म्हणाली, जाऊ दे, निदान हे एक चांगलं होतं. नऊ रेघा झाल्या. तिनं कागद परत सरकवला.

वेंडल ते पान आपल्याकडे फिरवून वाचत होता. वाचता वाचता तो थांबला.

"हे नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" मार्गो म्हणाली.

"आठ यांची. हे यांचं नाही." त्याचं जाड बोट शेवटच्या डब्यावर होतं. "खर्डे हरवलेले नाहीत, मॅडम. खाली गाडीत आहेत. आणतो."

तो गेला. खोलीत मार्गो आणि रो.  रोला वाटत होतं, बिचाऱ्याची गल्लत होतेय. वाक्य अंगवळणी पडलं की माणसाला ते आपलंच वाटायला लागतं, होतं असं.

तो धापा टाकत आला आणि त्यानं टेबलावर कागद मांडले. सगळ्यात जुना खर्डा जानेवारीचा, पेन्सिलीनं लिहिलेला, तारखेसकट, कारण त्याला प्रत्येक कागदावर तारीख टाकायची सवय. तेव्हा रोनं त्याचा एकही निबंध पाहिला नव्हता. त्यात ते होतं. 'इंजिन थांबलं म्हणजे गाडी थांबली असं नसतं.' पुढचं सगळंच होतं. मग त्यानं मार्चचा खर्डा वर ठेवला, हिरव्या समासाचा. त्या वाक्याला रोनं हिरवं कुंपण घातलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'म्हणजे काय? कळत नाही. काढून टाकलं तर?'

रोनं ते वाचलं. स्वतःचं अक्षर. पुन्हा वाचलं.

"बाकी सगळं तुमचं ऐकलं," वेंडल म्हणाला. "हे तेवढं नाही ऐकलं. जोडांमध्ये ढील असते, मिस कुचेरा. इंजिन थांबतं आणि मागचा डबा त्याच्यावर येतो, मग त्याच्या मागचा. शेवटच्या डब्यापाशी उभ्या माणसाला आवाज आधी ऐकू येतो आणि धक्का मग बसतो. तिथे मी उभा असायचो. तुम्हाला मालगाडी कशी थांबते ठाऊक आहे का?"

"नाही," रो म्हणाली.

"तेच. आणि लोखंडाला स्मृती-बिस्मृती काही नसते. मी हात लावून सांगतो."

मार्गोला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. तिनं पेन्सिल घेतली, आठ वाक्यं सरळ खोडली, आणि उरलेला निबंध सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथेच वाचला. दोघं बसून राहिली. रोचा पाय हलत नव्हता. मार्गोनं पिवळी चिठ्ठी काढून चुरगाळली आणि खाली लिहिलं, पास. "नोंद काही होणार नाही, मिस्टर ओस्टरहाउट. चूक तुमची नव्हती. गॅरिकशी मी बोलेन. एक चांगलं वाक्य बघून त्याला माणूस दिसला नाही, चोर दिसला, हे त्यालाही कळलं पाहिजे." मग ती रोकडे वळली. "तू बोललीस ते बरं केलंस. न बोलतीस तर माझ्या मनातून उतरली असतीस. पण ऑगस्टमध्ये तुला वर्ग नाही, रो. ग्रंथालयात काही काम निघतं का बघते. शब्द देत नाही."

"हो," रो म्हणाली. तिला वाटलं होतं आपण कोसळू. पण कोसळायला मन जागेवर नव्हतं. ते त्या हिरव्या कुंपणापाशी अडकलं होतं.

बाहेर वारा सुटला होता. पायऱ्यांवर वेंडलनं टोपी घातली आणि कागद नीट घडी करून शर्टात सारले. रोनं त्याचं अभिनंदन केलं. त्यानं आभार मानले. मग दोघांनाही निघता येईना.

"वर्ग गेले तुमचे," तो म्हणाला. "माझ्यापायी."

"तुमच्यापायी नाही. माझ्या हातापायी."

त्यानं मान हलवली. अजून काहीतरी होतं, ते दिसत होतं. "एक विचारू? त्या तुमच्या मित्रानं मला पाहिलेलं नाही. त्याला वाटलं, मी लिहिलं नसेल, तर वाटलं. पण तुम्ही सोळा आठवडे माझं वाचत होता. तुम्ही त्याच्याखाली रेघ कशी मारलीत?"

रोला चटकन पाच-सहा उत्तरं सुचली. दमले होते, चव्वेचाळीस निबंध होते, विसरले. सगळी खरी होती. तिनं एकही दिलं नाही.

"चांगलं होतं," ती म्हणाली. "म्हणून मला वाटलं, माझं असणार."

वेंडलनं शर्टातले कागद चाचपले. त्याला राग आलेला दिसत नव्हता. लागलेलं मात्र दिसत होतं.

"बायकोला वाचून दाखवलं ना, तेव्हा तीही हेच म्हणाली. म्हणाली, छान आहे, हे तुझ्या बाईंनी घातलेलं दिसतंय. तिला मी काही बोललो नाही. ती बिचारी खूश होती." त्यानं टोपी जरा खाली ओढली. "पण वाचणं हे तुमचं काम आहे, मिस कुचेरा."

तो पायऱ्या उतरून गाडीकडे गेला. रो तिथेच उभी राहिली, आणि किती तरी वेळ तिला कुठे जायचं आहे असं वाटलं नाही.